टार की सीपीआयओ? उत्तर हेडरमध्ये सापडतं

‘बॅकअपला टार वापरू की सीपीआयओ?’ लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण हे कधी ना कधी विचारतो. मीही विचारलं होतं. सिनियरचं उत्तर ठरलेलं: ‘टार वापर, सगळे तेच वापरतात.’ पुढे या साधनांचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की प्रश्नाला सवयीपेक्षा बरं उत्तर आहे. ते समजायला युनिक्समधली सगळ्यात विचित्र फाइल घेऊ: डिव्हाइस फाइल.

युनिक्समध्ये डिस्क, टेप, टर्मिनल ही उपकरणं ‘डेव्ह’ डिरेक्टरीत फाइल म्हणून दिसतात. पण या फाइलच्या पोटात काहीच नसतं. नोंद असते ती प्रकाराची (कॅरेक्टर की ब्लॉक) आणि दोन आकड्यांची: मेजर व मायनर. मेजरवरून कर्नलला ड्रायव्हर कळतो, मायनरवरून नेमकं उपकरण. लिनक्सवर ‘नल’चे आकडे १ आणि ३. म्हणजे बॅकअप घ्यायचा तो या नोंदीचा. डिस्कची डिव्हाइस फाइल साध्या फाइलसारखी वाचायला गेलात, तर अख्खी डिस्कच वाचत बसाल.

आता इतिहास. सीपीआयओ १९७७ च्या पीडब्ल्यूबी युनिक्समधलं. त्याच्या हेडरमध्ये फाइलचा प्रकार आणि डिव्हाइसचा आकडा, दोन्हींना जागा होती. टार १९७९ साली सातव्या आवृत्तीत आलं. त्याचं हेडर ५१२ बाइटचं, म्हणजे भरपूर मोठं. पण त्यात नाव, परवानग्या, मालक, आकार, वेळ, लिंक एवढंच. डिव्हाइसच्या आकड्यांना रकानाच नाही! त्यामुळे डिव्हाइस फाइल समोर आली की ते टार ‘ही फाइल नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन पुढे जायचं. रात्रीच्या बॅकअपचे संदेश कोण वाचतं?

१९८८ च्या पॉझिक्स मानकाने टारची सुधारित रचना, ‘यूस्टार’, ठरवली. तिच्यात कॅरेक्टर, ब्लॉक, फिफो यांना वेगळे संकेत मिळाले आणि मेजर-मायनरसाठी दोन रकाने. त्याच मानकात सीपीआयओची रचनाही होती. दोन्ही बाजूंचा वाद काही मिटला नाही. मग दोन्ही रचना हाताळणारं ‘पॅक्स’ आलं. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ शांतता!

पण सीपीआयओ जिंकलं असंही समजू नका. त्याच्या जुन्या अक्षरी रचनेत डिव्हाइसच्या आकड्याला सहा अष्टमान अंक, म्हणजे १८ बिट. लिनक्स २.६ मध्ये हा आकडा ३२ बिटांचा झाला; तो तिथे मावणार कसा? सीपीआयओच्या ‘न्यूसी’ या नंतरच्या रचनेत मेजर आणि मायनर वेगवेगळे, प्रत्येकी आठ षोडशमान अंकांचे. लिनक्सचं इनिटरॅमएफएस आजही हीच रचना वापरतं.

आज ‘डेव्ह’मधल्या फाइली बूट होताना आपोआप तयार होतात. मग हा खटाटोप कशाला? एक तर क्रूट किंवा इनिटरॅमएफएस बांधताना त्या अजूनही लागतात. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. ज्या गोष्टीला नोंदवहीत रकाना नाही, ती गोष्ट नोंदीतून गायब होते, आणि वरवर सगळं नीट झालेलं दिसतं. तुमची प्रश्नावली, डेटाशीट, आर्काइव्ह, सगळ्यांना हे लागू आहे.

म्हणून साधन निवडताना मतं गोळा करू नका, रचना वाचा. आणि मग तपासा. एलिझाबेथ झ्विकी यांनी १९९१ च्या लिसा परिषदेत नेमकं हेच मांडलं: मुद्दाम अवघड फाइली बनवायच्या आणि बॅकअपचे प्रोग्राम त्यांवर ताणून बघायचे. तुम्हीही करा. एमकेनॉडने एक डिव्हाइस फाइल बनवा, आर्काइव्हमध्ये घाला, दुसरीकडे रूट म्हणून उघडा आणि प्रकार व दोन्ही आकडे जुळतात का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. रिस्टोअर करून पाहिलेला नाही, तोवर त्याला बॅकअप म्हणू नका.