नावे तेवढी उरली

पुण्याचा इतिहास म्हटला की शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतो. मला मात्र तो बुधवार पेठेच्या गल्लीबोळांत अधिक भेटतो. तुळशीबागेत आपण भांडीकुंडी, बांगड्या घ्यावयास जातो. पण तेथे एके काळी खरोखरीच बाग होती. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ च्या सुमारास तेथे राममंदिर बांधावयास घेतले, पुढे भोवती बाजार वाढला आणि बागेचे नाव तेवढे उरले.

जवळच भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी तेथे मुलींची शाळा काढली. शाळेच्या वाटेवर लोक सावित्रीबाईंच्या अंगावर शेण नि चिखल टाकीत. त्या थांबल्या नाहीत. तो जीर्ण वाडा २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. लक्ष्मी रस्त्यावर, जेथे पेशव्यांचे घोडे बांधीत, तेथे पुढे १८८४ साली निघालेली मुलींची शाळा आली. आजही आपण तिला हुजूरपागाच म्हणतो.

भगिनींनो, वाडे पडतील, बागा बुजतील. पण मुलीनातींना बोट धरून या बोळांतून हिंडवले आणि नावांमागची हकीकत सांगितली, तर आपण शिकलो ती वाट कोणी पाडली हे त्या विसरणार नाहीत.