घटना आणि आजार: पीटीएसडीची कुळकथा

उरण तालुक्याने पोलिसांचा गोळीबार दोनदा पाहिला. 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात, आणि जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात, जासई परिसरात. दुसऱ्या खेपेला पाच जण हुतात्मा झाले. नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना तिच्या साडेबारा टक्क्यांइतके भूखंड परत मिळतात, ते त्याच लढ्याची कमाई. या दोन तारखांच्या मधे, 1980 साली, अमेरिकेत एका निदानाचा जन्म झाला: आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी. आता ते इतकं रुळलंय की असा गोळीबार पाहिलेला प्रत्येक माणूस आतून मोडलेलाच असणार, असं आपण धरूनच चालतो. हे गृहीतक चुकीचं आहे, आणि त्याची मुळं त्या निदानाच्या जन्मकथेतच सापडतात.

या निदानाचे पूर्वज बरेच आहेत. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकीकत छापली: जवळ तोफगोळे फुटल्यावर त्यांची दृष्टी, वास, चव, स्मृती यांवर परिणाम झाला होता. त्यातून ‘शेल शॉक’ रूढ झालं. त्या काळात संशय मात्र माणसावरच घेतला जाई: हा मुळातच भित्रा, नाहीतर सोंग करतोय. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि खाईम शातान, रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञांनी तो संशय उलटवला. दोष माणसाचा नाही, घटनेचा आहे, हे त्यांचं म्हणणं. म्हणून 1980 च्या डीएसएम-3 मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकार निदानाच्या नियमावलीत, अशी अट आली की घटना जवळपास कुणालाही तीव्र त्रास होईल अशी हवी. कलंक पुसायला हे वाक्य फार कामाचं होतं. पण ‘कुणालाही त्रास होईल’ याचा अर्थ लोकांनी ‘प्रत्येकाला आजार होईल’ असा लावला, आणि तिथे गफलत झाली.

कारण मोजणी सुरू झाली तेव्हा आकडे वेगळंच बोलू लागले. 24 देशांतल्या जागतिक सर्वेक्षणात सुमारे 70 टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी आघात अनुभवला होता. त्यांच्यापैकी पीटीएसडी झालेले 5.6 टक्के. बलात्कारासारख्या अत्याचारानंतर हे प्रमाण कितीतरी वाढतं, म्हणजे घटनेचं वजन खरंच असतं, फक्त तेवढ्याने निकाल लागत नाही. कुणी म्हणेल, ही सरासरी झाली, सगळं गाव गाडलं गेलं तर? तर किल्लारीचा भूकंप पाहा. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती विसर्जन उरकून लोक निजलेले, आणि जाड दगडी भिंतींची माळवदं अंगावर आली. महिन्याभराने वाचलेल्यांची एक छोटी पाहणी झाली. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांत मानसिक विकार आढळला. त्यात पीटीएसडी होता, तसं नैराश्यही होतं. बाकीच्यांना दुःख नव्हतं असं कोण म्हणेल? पण दुःख हा आजार नव्हे.

खरा गंभीर आक्षेप वेगळा आहे: ‘बहुतेक जण सावरतात’ हे वाक्य सरकारच्या हाती पडलं की भरपाई नाकारायला निमित्त मिळतं. भीती रास्त आहे. पण जमीन गेली, माणूस गेला, याची भरपाई मिळायला पीडिताने आधी रुग्ण ठरावं, ही अटच मला अपमानास्पद वाटते. उलट, आजार अटळ मानण्याचे तोटेही दिसले आहेत. 1980 नंतर अपघात-हल्ल्यातून वाचलेल्या सरसकट सगळ्यांना लगेच बसवून सारं बोलायला लावण्याची पद्धत पसरली. चाचण्यांत तिने पीटीएसडी टळल्याचं दिसलं नाही. काही ठिकाणी त्रास वाढलाच. 2005 मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने असं एका बैठकीचं बोलणं सरसकट करू नका असं बजावलं: पहिल्या चार आठवड्यांत लक्षणं सौम्य असतील तर लक्ष ठेवा, आणि महिन्याच्या आत त्या माणसाला पुन्हा भेटा.