परदेशांतलें लुगडें

७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंनीं त्यांना घरच्या मुलीसारखें वागविलें. त्यांना त्या मावशीच मानीत. खरी कसोटी पुढें, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक-विद्यालयांत.

निघण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेंत त्यांनीं सांगितलें होतें, कीं हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. बोलणें सोपें. पण नऊवारी लुगड्याखालीं पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडचा हिंवाळा बर्फाचा! झगा घालावा तर शब्द मोडल्यासारखें होई; न घालावा तर प्रकृति ढांसळे. अखेर पाय झांकणारी गुजराती पद्धतीची साडी त्यांनीं पत्करली. आहार मात्र शाकाहारीच राहिला. इतकीं वर्षें मुलांना इतिहास शिकवितांना मीं सनावळ्याच घोकून घेतल्या. ही साडी कधीं सांगितली नाहीं.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषयहि घरचाच, हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षीं क्षयानें खंगून त्या स्वदेशीं परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली. न्यूयॉर्क संस्थानांतील पकीप्सी येथें, त्या कुटुंबाच्या दफनभूमींत, ती पुरलेली आहे.