माणसाने घडवलेला निसर्ग : कोहमारा ते अर्जुनी मोरगाव

१/ नागपूर-रायपूर महामार्गावर कोहमारा येथून दक्षिणेकडे अर्जुनी मोरगावचा रस्ता फुटतो. दुतर्फा साग, ऐन व मोहाची राने, मागे टेकड्यांच्या रांगा, खाली धानाच्या बांध्या आणि मध्येच चकाकणारे पाणी. पाहणाऱ्यास हे सारे निसर्गाचे देणे वाटते. त्यातील पाणी मात्र बहुतांशी माणसाने अडवलेले आहे. हा धागा त्या पाण्याच्या इतिहासाचा.

२/ झाडीपट्टीत पाऊस भरपूर पडतो, पण चार महिन्यांतच. धानाला तर लोंबी भरेपर्यंत पाणी लागते. आश्विनात पावसाने पाठ फिरवली की हाताशी आलेले पीक जाते. येथील तलावांचा जन्म या एका अडचणीतून झाला.

३/ रचना साधी, पण नजर अचूक. दोन टेकड्यांमधील खिंड हेरायची, तेथे मातीची पाळ घालायची, उतारावरचे पाणी साठवायचे आणि पाटाने खालच्या बांध्यांत सोडायचे. डोंगर दोन्ही बाजू सांभाळतो. माणसाने उरलेली तेवढीच बाजू बांधायची.

४/ या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. चांद्याच्या एका गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, अशी परंपरागत कथा रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नोंदवली आहे. कथेला पुरावा नाही. मात्र गोंड राजसत्तेने तलाव बांधणाऱ्यांना जमिनी देऊन उत्तेजन दिले, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे.

५/ या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे याच तालुक्यातील नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असे मानतात. विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर. भोवतालच्या सात शिखरांना लोक ‘सातबहिणी’ म्हणतात.

६/ पुढे कोलू पाटलाचा ‘कोलासूर’ देव झाला. बांधकामाला देवांनी हात लावला, अशीही श्रद्धा रूढ झाली. कर्त्याला देवत्व मिळाले, त्याचे नाव टिकले. डोक्यावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या असंख्य स्त्री-पुरुषांची नावे मात्र कोणत्याच कथेत उरली नाहीत.

७/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढील जमाबंदीत मालगुजारांना गावांचे मालकी हक्क मिळाले आणि तलावही त्यांच्या नावे लागले. तरी तलावाची घडी गावाच्या हातीच राहिली. शेतकरी पाणी घेत, ढिवर मासे धरत आणि पाळीची डागडुजी सारे मिळून करत.

८/ १९५१ मध्ये मालगुजारी संपली. शेतकरी जमीनदारी जोखडातून सुटला, हे न्याय्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना नवे नाव चिकटले : माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही गावाची कामे सरकारी मंजुरीवर अवलंबून राहू लागली.

९/ पुढे गाढवी नदीवर इटियाडोह धरण उभे राहिले. त्याचे पाणी कालव्यांनी दूरवर पोहोचले आणि अनेक शिवारांना आधार मिळाला. सिंचनाची भाषाही बदलली. पूर्वी पाण्याचा निर्णय पाळीवर होत असे. आता तो कार्यालयात होऊ लागला.

१०/ १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये हा परिसर व्याघ्र प्रकल्पात आला. येथे उतरणारे स्थलांतरित पक्षी आज ‘नैसर्गिक वारसा’ म्हणून दाखवले जातात. ते उतरतात ते मात्र शेतकऱ्यांनी धानासाठी अडवलेल्या पाण्यावर.

११/ हा भेद महत्त्वाचा आहे. निसर्गाचे देणे मानले की केवळ राखण पुरेशी वाटते. मातीची पाळ मात्र राखणीने टिकत नाही. दर पावसाळ्यात ती झिजते, तलावाच्या तळाशी गाळ साचतो. तीनशे वर्षे हे पाणी टिकले ते पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी माती टाकत आले म्हणून. या रस्त्याने जाताना पाण्यासोबत त्याच्या काठची पाळही पाहावी. झाडीपट्टीचा इतिहास तिच्यातच आहे.