यवतमाळची रेडिओवरची संध्याकाळ

यवतमाळ जिल्ह्याची रेडिओवरची संध्याकाळ नागपूरहून येई. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५० मध्ये तो मध्य प्रदेशाचा, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचा आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा झाला. राज्य बदलत गेले, पण कानावर पडणारे मराठी केंद्र नागपूरच राहिले.

व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकणे हा खटाटोप होता. छपरावर दोन बांबूंमध्ये तांब्याची जाळीदार पट्टी ताणायची, तिची तार खिडकीतून आत घ्यायची आणि दुसरी तार ओलसर मातीत पुरायची. वऱ्हाडी उन्हाळ्यात ती माती वाळली की खरखर वाढे, मग तिथे तांब्याभर पाणी ओतायचे. वीज नसलेल्या गावात सेट बॅटरीवर चाले. शिवाय दरवर्षी पोस्टातून परवाना काढावा लागे. साहजिकच रेडिओ एका घरी आणि ऐकणारे ओसरीभर. सूर्य मावळला की मीडियम वेव्हच्या लहरी शोषणारा वातावरणातला थर विरतो, त्यामुळे अंधार पडल्यावर दूरची केंद्रेही लागत.

या भागात भजन आधीपासून घरोघरी होते. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाने आणि गुरुदेव सेवा मंडळांनी ते गावोगावी रुजवले होते. गावातले भजन रंगले की पहाट होई. रेडिओने त्याला मिनिटांचे माप लावले. गायकाला आलाप आवरून ठरल्या क्षणी थांबायला शिकावे लागले. बदल एवढाच नव्हता. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. पेटीचे ठरलेले स्वर भारतीय गायकीतल्या श्रुती आणि मींड यांना न्याय देत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद. तो शास्त्राला धरून असेलही, पण ज्या भजनी मंडळाचा सूर पेटीनेच धरला जाई, त्याच्यावर तो अन्यायच होता.

संगीताच्या वेळापत्रकावर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांची छाप होती. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेल्या केसकरांनी चित्रपटगीतांना आवर घातला आणि शास्त्रीय संगीताला मानाची जागा दिली. त्याच वर्षी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. चित्रपटगीतांचे चाहते रेडिओ सिलोनकडे वळले, पण ज्यांना मैफलीचे तिकीट कधी परवडले नसते त्यांच्या घरात मोठमोठे गवई पोचले. भावगीतांनाही यामुळे बळ मिळाले. पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतांचे गीतरामायण सादर केले. त्याचे कवी ग. दि. माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

नाटकाचा पालट सर्वांत मोठा. जिल्ह्यातल्या गोंड-कोलामांची दंडार म्हणजे नाच, वाद्य, सोंग आणि समोर बसलेले अख्खे गाव. नभोनाट्यात यातले डोळ्यांना दिसणारे काहीच नाही. करवंटीचे दोन तुकडे आपटून घोडा दौडायचा, पत्रा हलवून ढग गडगडायचे, पात्र आत आले हे दाराच्या करकरीवरून कळायचे. संवाद लिहिणाऱ्याला प्रत्येक पात्राची ओळख बोलण्यातूनच द्यावी लागे, म्हणून बोलीचा कस इथे लागला.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ ओसरीवरून शेतात गेला. ऐंशीच्या दशकात घरगुती परवाना रद्द झाला. पुढे स्थानिक केंद्रांच्या योजनेतून यवतमाळला स्वतःचे एफएम केंद्र मिळाले आणि जिल्ह्यातले गायक नि नट यांच्यासाठी जिल्ह्यातच ध्वनिमुद्रणाची सोय झाली.