नोत्र दाम : कळस कोसळेपर्यंतचे दीड तास

वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वर मंदिरातले शिलालेख रामदेवराय यादवाच्या काळातले. त्या वेळी पॅरिसमध्ये नोत्र दाम कॅथेड्रलचे काम सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली होती. यादवकालीन मंदिरांत छताचा भार दगडी तुळयांवर असतो. नोत्र दामला मात्र दोन छपरे होती : खाली दगडी कमानींचे छत, वर ओकच्या तुळयांचा सांगाडा आणि त्यावर शिशाचे पत्रे. तुळयांची दाटी एवढी की तिला ‘जंगल’ म्हणत. 15 एप्रिल 2019 रोजी हेच जंगल पेटले.

सायं. 6 च्या आधी : डागडुजीचे कामगार परांचीवरून उतरून घरी गेले. कळसाभोवतीचे 16 तांब्याचे पुतळे चारच दिवसांपूर्वी दुरुस्तीसाठी खाली उतरवलेले. ते वाचले, ते या योगायोगाने.

6.20 (वेळापुरात रात्रीचे 9.50) : प्रार्थना चालू असताना धोक्याची घंटा वाजते. सुरक्षारक्षक धावतो, पण शेजारच्या इमारतीच्या माळ्यावर. तिथे काहीच नाही. आग मुख्य छपरात आहे.

6.45 च्या सुमारास : चूक लक्षात येते. अरुंद जिन्याच्या सुमारे 300 पायऱ्या चढून वर पोहोचेपर्यंत ज्वाळा आटोक्याबाहेर गेलेल्या.

6.50 च्या सुमारास : अग्निशमन दलाला वर्दी मिळते. पहिल्या घंटेपासून अर्धा तास गेलेला.

7.30 : छपराचा मोठा भाग पेटलेला. वाऱ्याने धूर पश्चिमेकडे वळतो. सेन नदीच्या काठावर लोक जमून स्तोत्रे म्हणतात.

7.50 च्या सुमारास : 19व्या शतकात व्हियोले-ल-द्यूकने उभारलेला कळस मधोमध मोडून कोसळतो. त्यात सुमारे 500 टन लाकूड आणि 250 टन शिसे. खालच्या दगडी छताला भगदाड पडते.

खरा धोका यानंतरचा. उत्तरेच्या मनोऱ्यात आग शिरली होती. आठ घंटा पेलणाऱ्या तुळया जळाल्या असत्या, तर घंटांसह मनोरा खाली आला असता आणि त्याच्यासोबत अख्खे कॅथेड्रल. अग्निशमन दलाचे प्रमुख जनरल गाले यांच्या जवानांनी मनोऱ्यात चढून आग रोखली. पावणेदहापर्यंत ती काबूत आली.

तिन्ही मोठ्या गुलाबखिडक्या आणि ऑर्गन वाचले. दगडी छत तीन ठिकाणी फुटले, तरी त्याने जळत्या तुळया बऱ्याच अंशी वरच्या वर अडवल्या. मध्ययुगीन गवंड्यांनी लाकडाखाली दगड घातला, तो अशाच दिवसासाठी. कसूर झाली ती धोक्याची घंटा ऐकूनही ती कुठली आहे हे ओळखण्यात.

डिसेंबर 2024 मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडले. छप्पर पूर्वीसारखेच ओकचे आहे. मात्र त्यात आता आग अडवणाऱ्या भिंती आणि पाण्याचा फवारा सोडणारी यंत्रणा आहे.