फ्लॉरेन्सची चिता आणि एका इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ

१/१०
३० नोव्हेंबर १८७०. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे. युरोपचा प्रवास आटोपून ते मायदेशी परतत होते. हा प्रसंग इंग्रजीत लिहू पाहणाऱ्याची गाठ एका अशा क्रियापदाशी पडते, ज्याचा भूतकाळ खुद्द इंग्रजांनाही शतकानुशतके चकवत आला आहे.

२/१०
महाराजांचा जन्म १८५०चा. १८६६मध्ये दत्तकविधानाने ते गादीवर आले. १८७०च्या प्रवासात त्यांनी इंग्रजीतून रोजनिशी लिहिली. प्रवासात सोबत असलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती १८७२मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली. रोजनिशी म्हणजे भूतकाळाची खरी कसोटी: गेलो, पाहिले, भेटलो, परतलो. मराठी मातृभाषेच्या एका तरुणाने ती परक्या भाषेत दिली.

३/१०
आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, तेथील अधिकाऱ्यांच्या खास परवानगीने, महाराजांचे हिंदू पद्धतीने दहन झाले. १८७४मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिच्यातील अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा. छत्रीची रचना चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुरचनाकार हेच मँट.

४/१०
आता दोन वाक्ये पाहू. ‘महाराज आजारी पडून होते.’ ‘सेवकांनी देह चितेवर ठेवला.’ इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘ले’ येते, दुसऱ्यात ‘लेड’. कारण ही दोन निरनिराळी क्रियापदे आहेत.
पडून असणे: लाय – ले – लेन.
ठेवणे: ले – लेड – लेड.
पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ एकच. सारा घोळ येथे आहे. (खोटे बोलणे या अर्थाचे ‘लाय’ हे तिसरेच, त्याचा भूतकाळ ‘लाइड’.)

५/१०
हा गोंधळ केवळ परकीयांचा नव्हे. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या इंग्रजीतही तो दिसतो. ‘लेड डाउन’ असे भरभर म्हणताना दोन ‘ड’ एकमेकांत मिसळतात आणि कानाला ‘ले डाउन’च ऐकू येते. अठराव्या शतकात व्याकरणकारांनी यास अशुद्ध ठरवले; तरीही १८१८मध्ये लॉर्ड बायरनसारख्या कवीने ‘लाय’च्या जागी ‘ले’ वापरलेच.

६/१०
मग मुळात एवढी सारखी दोन क्रियापदे आली कोठून? प्राचीन इंग्रजीत ती ‘लिजन’ आणि ‘लेजन’ अशी होती. दुसरे पहिल्यापासूनच घडलेले प्रयोजक रूप: पडून असणे, आणि दुसऱ्यास तसे करावयास लावणे. ‘सिट’ (बसणे) आणि ‘सेट’ (बसवणे) ही जोडीही तशीच.

७/१०
येथे मराठी वाचकास ओळखीची खूण सापडते. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तरणे–तारणे. संस्कृतात ‘पतति’ म्हणजे पडतो आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो; प्राकृतातून हेच ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ झाले. संस्कृतातील हा ‘अय’ प्रत्यय आणि इंग्रजीच्या पूर्वज भाषांतील प्रयोजक प्रत्यय एकाच आदि-भारोपीय प्रत्ययापासून निघाले. म्हणजे ‘लाय–ले’ ही जोडी आणि ‘पडणे–पाडणे’ ही जोडी एकाच जुन्या साच्यातील आहे.

८/१०
याहून नेमके उदाहरण हवे असल्यास: ‘फॉल’ म्हणजे पडणे, भूतकाळ ‘फेल’. पण ‘फेल’ हे स्वतंत्र क्रियापदही आहे; अर्थ झाड पाडणे, भूतकाळ ‘फेल्ड’. वादळात झाड पडले तर ‘फेल’. लाकूडतोड्याने पाडले तर ‘फेल्ड’. घोळ तोच, आणि त्याचे कारणही तेच. फरक इतकाच की मराठीने ‘पडला’ आणि ‘पाडला’ ही रूपे आजही वेगळी राखली. इंग्रजीत मात्र दोन रूपे एकमेकांवर येऊन बसली.

९/१०
म्हणून मराठी माणसाजवळ एक सोपी कसोटी आहे. वाक्य आधी मराठीत म्हणावे. भूतकाळात तृतीयपुरुषी कर्त्यास ‘ने’ किंवा ‘नी’ लागले, तर ‘लेड’. न लागले, तर ‘ले’. ‘महाराज पडून होते’: प्रत्यय नाही, म्हणून ‘ले’. ‘सेवकांनी देह ठेवला’: प्रत्यय आहे, म्हणून ‘लेड’. इंग्रजी कोनशिलेवर ‘लेड’ असते तेही याच न्यायाने. दगड आपोआप बसत नाही, तो कोणीतरी बसवतो.

१०/१०
राजाराम महाराजांच्या नावाने कोल्हापुरात शाळा नावारूपास आली आणि १८८०मध्ये राजाराम महाविद्यालय सुरू झाले. गोपाळ कृष्ण गोखले येथेच शिकून १८८१मध्ये मॅट्रिक झाले; पुढे त्यांच्या इंग्रजी भाषणांची दखल सरकारला घ्यावी लागली. त्या पिढीने इंग्रजी कष्टाने मिळवली. आजही वर्गात ‘ले’ आणि ‘लेड’ यांत चुकणाऱ्या मुलास हसले जाते, आणि तो पुढे इंग्रजीत तोंड उघडण्यास कचरतो. त्या हसण्याला इतिहासाचा आधार नाही. ही चूक इंग्रजी भाषेच्याच घरात कित्येक शतके नांदत आलेली आहे, आणि ती सोडवण्याची किल्ली त्या मुलाच्या मातृभाषेत आहे.